नवी क्रेटा, आईंचे गुडघे आणि माझी वही



अक्षय्य तृतीया आली की आपल्या समाजात दोन गोष्टी हमखास होतात. आदिनाथ भगवंतांच्या पारण्याची आठवण म्हणून उसाचा रस, आणि कोणाच्या तरी दारात हार घातलेली नवी गाडी. २०२४ मध्ये १० मेच्या आधीपासून माझ्या ओळखीतल्या चार घरांत मोठी गाडी घ्यायचं घाटत होतं आणि चारही घरांत नाव एकच, ह्युंदाईची नवी क्रेटा. आम्हीही तीच पाहत होतो. मग मंदिरात, भिशीत, अगदी भाजी घेताना सुद्धा प्रश्न सुरू झाले. "वहिनी, तुम्ही एवढ्या शोरूम पालथ्या घातल्या, सांगा तरी काय पाहिलं?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. बी. कॉम. होऊन चाळीस वर्षं उलटली, पण वही काही सुटली नाही. त्या वहीतलंच हे.

आधी आमची गरज सांगते, म्हणजे माझी मतं कुठून आली ते कळेल. घरात सासूबाई आहेत, सत्याऐंशी वर्षांच्या. आमच्या ह्यांचा उजवा गुडघा बदललेला. जुनी वॅगनआर अकरा वर्षं झाली. आईंना एकदा श्रवणबेळगोळला जायचंय. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाला गर्दीमुळे त्यांना नेता आलं नाही आणि पुढचा बारा वर्षांनी. "पायऱ्या नाही चढणार, डोलीही नको, खालीच बसून हात जोडीन, पण ने," असं त्या मला म्हणतात, मुलाला नाही. सांगलीपासून तिथवर दिवसभराचा प्रवास. पैसे माझ्या पीपीएफचे, पंधरा वर्षं भरून मुदत संपलेले. परिग्रह-परिमाणाच्या माझ्या यादीत वाहन एकच लिहिलेलं आहे, त्यामुळे नवी आली की जुनी जाणार, दोन्ही ठेवायच्या नाहीत. तेव्हा जी घेऊ ती दहा-बारा वर्षं पुरली पाहिजे, आईंना आत्ता आणि आम्हाला नंतर.

आता गाडी. क्रेटा पहिल्यांदा आली जुलै २०१५ मध्ये, दुसरी पिढी मार्च २०२०, आणि हे नवं रूप १६ जानेवारी २०२४ ला. नवं रूप म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पूर्ण नवी गाडी नाही, २०२० च्याच सांगाड्यावर केलेला मोठा बदल आहे. पुढचा चेहरा आता चौकोनी आणि उभा आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी दिव्यांची पट्टी पुढेही आणि मागेही. खरं सांगू, जुनीचा मागचा भाग मला कधी आवडला नव्हता, नवीचा डोळ्यांना बरा वाटतो. पण मोजपट्टी लावली तर लांबी तेवढी ३० मिलिमीटर वाढली आहे, ४३०० ची ४३३०. दोन चाकांमधलं अंतर तेच, २६१०. सामानाची जागा तीच, ४३३ लिटर. म्हणजे बदल झालाय तो चेहऱ्यात, समोरच्या पॅनेलमध्ये, इंजिनात आणि सुरक्षेत. मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या वाट्याला जागा आधी होती तेवढीच. तुमच्या नणंदेकडे २०२१ ची क्रेटा असेल तर तिच्या मागच्या सीटवर अर्धा तास बसून या, शोरूमच्या आधी तीच परीक्षा होऊन जाईल.

मागच्या सीटबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्यातल्या बहुतेकजणी तिथेच बसतो आणि जाहिरातीत मात्र सगळं स्टिअरिंगच्या भोवती असतं.

शोरूमला जाताना मी तीन गोष्टी बरोबर नेल्या. आईंना, आईंचा वॉकर आणि यात्रेला नेतो तो डब्यांचा संच. मुलाला लाज वाटत होती. मला नाही. पंधरा-सोळा लाखांची वस्तू घेताना वॉकर आत मावतो की नाही हे पाहण्यात कसली लाज?

चढण्या-उतरण्याचं गणित असं आहे. सेडान गाडीत बसायला खाली जावं लागतं आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. खूप उंच एसयूव्हीत आधी चढावं लागतं. क्रेटासारख्या मधल्या आकाराच्या गाडीत सीट साधारण कमरेच्या पातळीला येते, म्हणजे पाठमोरं होऊन आधी बसायचं आणि मग पाय आत फिरवायचे. आईंना हे जमलं. पण एक खोच आहे. दाराखालचा उंबरठा रुंद आहे, त्यामुळे पाय आत घेताना तो ओलांडावा लागतो आणि उतरताना साडीच्या निऱ्या त्यावरच घासतात. पावसाळ्यात चिखल लागलेला असेल तर पांढरी साडी गेलीच. आमच्या वॅगनआरमध्ये हा त्रास नव्हता. बसण्या-उठण्याच्या बाबतीत त्या साध्या उंच डब्याला तोड नाही, हे मोठ्या गाडीच्या नादात विसरू नका. ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे आणि प्रवास गावातल्या गावात आहे, त्यांना मी क्रेटा घ्याच असं म्हणणार नाही.

आमचा प्रश्न लांबच्या प्रवासाचा होता, आणि तिथे फरक पडला. आम्ही पाहिलेल्या गाडीत मागच्या सीटची पाठ दोन टप्प्यांत मागे कलत होती, मधे हात टेकायला आधार होता, मागे एसीचे झोत होते. आई खिडकीशी, मी दुसऱ्या खिडकीशी, मधे पाण्याचा तांब्या आणि डबा, अशी बैठक छान जमते. तिघीजणी बसलात तर मधलीच्या पाठीला हात टेकायच्या आधाराची घडी टोचते. पाच माणसांची गाडी म्हणतात, पण लांब जायचं तर ती चार माणसं आणि एक लहान मूल एवढीच समजा.

डिकीत डब्यांचा संच, गॅसची छोटी शेगडी, दोन बॅगा आणि घडी घातलेला वॉकर हे सगळं मावलं. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणजे आपलं स्वयंपाकघर आपल्याबरोबरच फिरतं, त्यामुळे ४३३ लिटर हा आकडा माझ्यासाठी इंजिनाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा. मात्र डिकीचा काठ उंच आहे. पाण्याचा भरलेला कॅन तिथवर उचलणं साठीनंतर एकटीचं काम नाही. अर्धा भरून ठेवा आणि आत ठेवल्यावर पूर्ण भरा, एवढाच उपाय मला सुचला.

आता चामड्याचा विषय. तो आपल्या घरात निघणारच. खालच्या प्रकारांत सीट कापडी आहेत, वरच्यांत कृत्रिम चामड्याच्या, म्हणजे रेक्झिनच्या जातीतल्या. सेल्समन लोक बोलताना सरसकट "लेदर सीट" म्हणतात, त्यावर घाबरूही नका आणि विसंबूही नका. माहितीपत्रक मागून घ्या आणि सीट, स्टिअरिंगचं आवरण आणि गियरची मूठ या तीन ओळी वेगवेगळ्या वाचा, कारण ती तीन वेगळी कामं असतात. जिथे नुसतं "लेदर" लिहिलंय तिथे ते खरं की कृत्रिम हे लेखी विचारा. तोंडी नाही, मेलवर. आणखी एक, शोरूमवाले बाहेरून सीटकव्हर शिवून देतात, त्यात खरं चामडं येऊ शकतं. मला तर सांगलीच्या उन्हाळ्यात कापडी सीटच बरी वाटते. रेक्झिनवर पाठ चिकटते आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसलं की चटका बसतो. म्हणजे तत्त्व आणि सोय दोन्ही एका बाजूला, असं क्वचित घडतं.

सुरक्षेकडे वळते, कारण यात गंभीर गोष्ट आहे. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने आधीच्या क्रेटाची धडक-चाचणी घेतली होती. तिला मोठ्यांसाठी तीन तारे आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले, आणि गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. चाचणीतल्या त्या गाडीत एअरबॅग दोनच होत्या. नव्या क्रेटात अगदी सगळ्यात स्वस्त प्रकारापासून सहा एअरबॅग आहेत, घसरण रोखणारी ईएससी आहे, चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय आहे, आणि पाचही जागांना तीन बिंदूंचा पट्टा आणि पट्ट्याची आठवण करून देणारी घंटा आहे. ही सुधारणा खरी आहे आणि तिच्यासाठी वरचा प्रकार घ्यावा लागत नाही, हे मला फार आवडलं. पण तारे हाच ज्यांचा पहिला निकष असेल त्यांनी स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन बघून याव्यात. त्या दोन्हींना २०२२ मध्येच त्याच संस्थेच्या आणखी कडक केलेल्या चाचणीत पाच तारे मिळालेत. आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणीही १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. शोरूममध्ये रंग विचारायच्या आधी तारे विचारा.

आणि मागचा पट्टा लावा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला तेव्हा मागे बसलेल्या दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. किती महागाची गाडी होती ती. "साडी चुरगळते" म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच विचारते, इस्त्रीला किती पैसे लागतात? आईंना सुरुवातीला पट्टा गळ्याशी काचत होता. पाठीमागे पातळ उशी दिल्यावर तो खांद्यावर नीट बसला.

आता मुलाच्या आवडीचा विषय, एडास. म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर ओळखून आपोआप ब्रेक लावणं, लेनच्या रेषा सोडल्या तर स्टिअरिंग हलकेच वळवणं, वगैरे. कॅमेरा आणि रडारवर चालतं. कंपनीने २०२४ मध्ये अशी १९ वैशिष्ट्यं सांगितली होती आणि ती तेव्हा एसएक्स टेक आणि एसएक्स ऑप्शनल या वरच्या प्रकारांतच मिळत होती. मुलगा पुण्याहून येतो-जातो, त्याला हवं होतं. मी चाचणीच्या फेरीत मागे बसून पाहिलं. रुंद रस्त्यावर, रेषा ठळक असतील तिथे ते शहाण्यासारखं वागतं. आमच्या पुणे-कोल्हापूर रस्त्यावर तेव्हा रुंदीकरण चाललं होतं, जागोजागी वळवलेले रस्ते, पुसलेल्या रेषा, उलट्या बाजूने येणारी दुचाकी. तिथे बिचारं यंत्र तरी काय ओळखणार? आपोआप ब्रेक ही एक गोष्ट मात्र मला मोलाची वाटली. ज्यांचं महिन्याला तीन-चार वेळा हायवेवर जाणं आहे त्यांनी जरूर विचार करावा. आमचं नाही. म्हणून मी वहीत त्याचा भाव काढला.

एस ऑप्शनल ऑटोमॅटिक पेट्रोल जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या किमतीने १५ लाख ८२ हजार ४०० एक्स-शोरूम. एसएक्स टेक ऑटोमॅटिक १७ लाख ४४ हजार ९००. फरक १ लाख ६२ हजार ५००. त्यावर आरटीओचा १२ टक्के कर धरला की १ लाख ८२ हजार. ज्येष्ठ नागरिकांच्या मुदत ठेवीत तेव्हाच्या साडेसात टक्क्यांनी त्याचे वर्षाला १३ हजार ६५० व्याज आले असते. म्हणजे महिन्याला अकराशेच्या वर, दर महिन्याला, वापरा किंवा न वापरा. हे पान मी मुलापुढे सरकवलं. तो हसला आणि म्हणाला, "आई, तू सीए व्हायला हवं होतंस." त्याच्या आजोबांनी मला सीएच्या परीक्षेला बसू दिलं असतं तर झालेही असते. असो.

पेट्रोल की डीझेल, हा प्रश्न अजूनही सगळे विचारतात, म्हणून हा हिशेब पूर्ण देते. सगळ्यात खालचा प्रकार ई. जानेवारी २०२४ च्या किमतीने पेट्रोल साधारण ११ लाख, डीझेल १२ लाख ४५ हजार. फरक १ लाख ४५ हजारांच्या आसपास. शिवाय महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला कर १२ टक्के, डीझेलला १४. म्हणजे करात आणखी सुमारे ४२ हजार. एकूण १ लाख ८७-८८ हजार रुपये डीझेलसाठी आधीच मोजायचे. आता बचत. कंपनीचा मायलेज पेट्रोल मॅन्युअलला १७.४ आणि डीझेल मॅन्युअलला २१.८. वर्षाला ८ हजार किलोमीटर धरले, पेट्रोल १०४ आणि डीझेल ९१ धरलं, तर पेट्रोलचा खर्च ४७ हजार ८००, डीझेलचा ३३ हजार ४००. वर्षाची बचत १४ हजार ४००. आधी मोजलेले पैसे फिटायला तेरा वर्षं! आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. प्रत्यक्षात दोन्ही गाड्या कंपनी म्हणते तेवढा मायलेज देत नाहीत, पण गुणोत्तर फारसं बदलत नाही. डीझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते, ती मोकळी व्हायला मधूनमधून लांब पल्ल्यावर पळवावी लागते. मंदिर, मंडई आणि दवाखाना एवढंच फिरणाऱ्या गाडीचं ते काम नाही. वर्षाला वीस-बावीस हजार किलोमीटर होत असतील तर हाच हिशेब उलटतो. इचलकरंजीला धाकट्या दीरांचा कापडाचा व्यवसाय आहे, त्यांना मी डीझेलच सांगितलं.

तिसरं इंजिन टर्बो पेट्रोल, १६० पीएसचं. ते सुरुवातीला फक्त सगळ्यात वरच्या प्रकारात, २० लाखांना. पळतं म्हणे वाऱ्यासारखं. आपण पळून कुठे जायचंय!

साध्या पेट्रोलमध्ये ऑटोमॅटिक हवं तर आयव्हीटी नावाची पेटी मिळते. तिच्यात ठरावीक गियर नसतात, दोन पुल्यांमधला पट्टा सरकत राहतो, त्यामुळे गियर बदलताना बसणारा तो हिसका नसतो. मी स्वतः चालवून पाहिली. हो, मी चालवते, चौसष्टाव्या वर्षीही. गर्दीत डाव्या पायाला क्लचपासून सुटका, हे सुख पाठदुखीवाल्यांनाच कळेल. एकदम जोरात पाय दिला तर इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून वेग घेते, तेव्हा ओव्हरटेक करताना घाई करायची नाही. मागे बसलेल्या आईंना मळमळलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं. कंपनीचा मायलेज १७.७, मॅन्युअलपेक्षा किंचित जास्तच.

काचेचं मोठं छत २०२४ मध्ये एस ऑप्शनलपासून पुढे येतंच होतं. मला नको होतं, पण या प्रकारात ते गळ्यात पडतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ते झाकूनच ठेवायचं. पोरं त्यातून डोकं बाहेर काढून उभी राहतात, ते दिसलं की माझ्या छातीत धस्स होतं. नातवाला मी आधीच सांगून ठेवलंय, छत उघडलं तर आकाश बघायचं, ते बसूनच, पट्टा लावून.

दुसऱ्या गाड्याही पाहिल्या, थोडक्यात सांगते. मारुतीची ग्रँड व्हिटारा हायब्रिड मायलेजला राणी, कंपनीचा आकडा २७.९७, पण बॅटरीमुळे डिकी लहान होते आणि माझे डबे मावले नाहीत. होंडा एलिव्हेटची डिकी क्रेटापेक्षा मोठी, आणि बाहेर बघायला काचा छान. किया सेल्टॉस ही क्रेटाची जवळजवळ सख्खी बहीणच, इंजिनं तीच, कपडे वेगळे. आमचा कौल शेवटी क्रेटाला गेला त्यात सर्व्हिस सेंटर घरापासून दहा मिनिटांवर आहे याचा वाटा मोठा. दरवेळी गाडी दूर न्यायची तर दोन पुरुषांच्या वेळा जुळवाव्या लागतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता शोरूममधली वागणूक. कोणत्या शोरूममध्ये ते राहू दे. एका ठिकाणी तो मुलगा पाऊण तास माझ्या मुलाशी आणि ह्यांच्याशी बोलत होता. मला विचारलं ते एकदाच, "काकू, रंग कोणता आवडला?" मी म्हटलं, "बाळा, रंग राहू दे, कोटेशनमध्ये हे 'हँडलिंग' काय आहे ते सांग." गाडी गोदामातून शोरूममध्ये आणायचे साडेआठ हजार! ते मी खोडायला लावलं. पायपुसणी, मडफ्लॅप, सुगंधाची बाटली मिळून तेवीस हजारांचं 'अनिवार्य' पॅकेज होतं, तेही खोडलं. आमचे हे टेबलाखालून माझा हात दाबत होते. पण पैसे माझे, सही माझी.

विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं कुठेही नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्याचा दर सरकारी आहे. हजार ते पंधराशे सीसीला २०२४ मध्ये १० हजार ६४० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२ हजार ५५५. तो कुठेही तेवढाच. वरचा जो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असतो तिथे फरक पडतो. आम्ही बाहेरून तीन कोटेशन घेतली आणि शोरूमच्या आकड्यापेक्षा अठरा हजार वाचले, तेही झिरो डेप्रिसिएशन धरून.

आणखी एक ओळ बिलात असते, ती बहुतेकजणी कर समजून सोडून देतात. टीसीएस. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता एक टक्का गोळा करून तुमच्या पॅनवर आयकर खात्यात भरतो. आमच्या गाडीवर १५ हजार ८२४. हा खर्च नाही, तुमचेच आगाऊ भरलेले पैसे आहेत. फॉर्म २६ एएसमध्ये ते दिसतात आणि विवरणपत्र भरलं की तुमच्या करातून वजा होतात किंवा परत मिळतात. पण गाडी तुमच्या नावावर असेल आणि "माझं काय उत्पन्न" म्हणून तुम्ही विवरणपत्रच भरत नसाल तर ते तिथेच राहतात. गाडी बाईच्या नावावर घ्या असं सगळे हौसेने म्हणतात, मग तिचं विवरणपत्रही भरा.

मुलाने दुकानाच्या फर्मच्या नावावर घ्यायचं सुचवलं होतं, घसाऱ्याचा फायदा म्हणून. महाराष्ट्रात संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला आरटीओ कर २० टक्के लागतो. १२ आणि २० मधला फरक पंधरा लाख ऐंशी हजारांवर सव्वा लाखाच्या पुढे जातो. आणि गाडी फिरणार आईंना घेऊन, दुकानासाठी नाही. तो विषय तिथेच मिटला.

तर आम्ही एस ऑप्शनल पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली, पांढरी, कापडी सीटची. वॅगनआर गल्लीतल्याच एका शिक्षिकेने घेतली, तिच्या वडिलांना डायलिसिसला न्यायला. ताबा घेताना दिवसाउजेडी जा, चासी नंबर कागदाशी ताडून पाहा, गाडी कोणत्या महिन्यात बनलीय ते बिलावर बघा, स्टेपनी आणि जॅक डोळ्यांनी पाहा, आणि मगच हार घाला.

नोंदणीच्या अर्जात एक रकाना मालकाच्या वारसाचा असतो, नॉमिनी. २०२१ पासून तो आरसी बुकवर नोंदवता येतो, म्हणजे पुढे घरच्यांना नाव बदलायला हेलपाटे पडत नाहीत. शोरूमवाला म्हणाला, "रिकामा ठेवला तरी चालतो, काकू. नाहीतर काकांचं टाकतो." मी सूनबाईंचं नाव लिहायला सांगितलं.